अनोळखी वैमानिकांची गावोगावची स्मारके

सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनानगर यांमुळे नागपूरकरांना हवाई दलाचा शेजार जुना आहे. सोनेगावची धावपट्टी मुळात १९१७-१८ च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलासाठी तयार झाली आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानांचा तो एक थांबा होता. तरीही युरोपातील खेड्यांमध्ये, युद्धात विमान कोसळून मेलेल्या परक्या वैमानिकांसाठी गावानेच उभारलेली जी स्मारके दिसतात, तशी परंपरा आपल्याकडे रुजली नाही. आपले वीरगळ प्रामुख्याने गावासाठी, गुराढोरांसाठी लढून पडलेल्या आपल्याच माणसांचे असतात. ही स्मारके मात्र ज्यांचे नावही गावाला ठाऊक नव्हते अशांची आहेत, आणि म्हणूनच त्यांचा इतिहास समजून घेण्याजोगा आहे.

त्याचे मूळ एका धोरणात आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने मृतदेह मायदेशी नेण्यास बंदी घातली आणि १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनने ती कायम ठेवली. श्रीमंताघरचा मुलगा परत यावा आणि गरिबाचा तिकडेच राहावा, हे कमिशनला मान्य नव्हते. पायदळातील सैनिकांच्या दफनभूमी आघाडीलगत झाल्या. विमान मात्र कुठेही, शत्रूच्या हद्दीतही, पडत असे, त्यामुळे अनेक वैमानिकांच्या वाट्याला खेड्यातले साधे कब्रस्तान आले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्ये सॉपविथ डॉल्फिन विमानातून लढताना पाडले गेले, जर्मनांच्या कैदेत वारले, आणि आज फ्रान्समधील आंगार या खेड्यात त्यांची कबर आहे. हे नाव मराठी घरांत आजही फारसे कोणाला माहीत नाही, याची खंत वाटते. त्यानंतर महिनाभरातच, २२ जुलै १९१८ रोजी, अवघ्या १९ वर्षांचे बंगाली वैमानिक इंद्रलाल रॉय पडले. फ्रान्समधीलच एस्तेव्हेल गावातील त्यांच्या कबरीवर बंगाली मजकूर कोरलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. ब्रिटनच्या एकट्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. या दलाच्या लँकॅस्टर विमानात सहसा सात जण असत आणि स्फोटानंतर त्यांचे अवशेष वेगळे करता आले नाहीत तर त्यांना एकत्रच पुरले जाई. ज्यांचा काहीच ठावठिकाणा लागला नाही, अशा २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावे १९५३ मध्ये खुल्या झालेल्या इंग्लंडमधील रनीमीड येथील स्मारकावर कोरली गेली. म्हणजे कुटुंबाकडे भिंतीवरचे नाव होते, तर विमान कोणत्या शेतात पडले हे त्या दूरच्या गावाला माहीत होते. या दोन गोष्टी जोडण्याचे काम अनेक ठिकाणी कित्येक दशकांनी झाले. लहानपणी ती आग पाहिलेल्या माणसांनी आणि स्थानिक अभ्यासकांनी विमानाच्या तुकड्यांवरून त्याची ओळख पटवली, नातेवाइकांना शोधले आणि मगच दगड बसवला. नेदरलँड्समधील द्रोंतेन येथे तर पाण्याखालून मिळालेला लँकॅस्टरचा प्रोपेलरच स्मारक म्हणून उभा आहे.

भारतात ही वाट वेगळी झाली. पश्चिम व मध्य भारतातील ज्या युद्धकबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती, त्या पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत एकत्र करण्यात आल्या. दक्षिण व पूर्व आशियाच्या आकाशात मेलेल्या आणि कबर न लाभलेल्या राष्ट्रकुलाच्या वैमानिकांची नावे तर थेट सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर आहेत.