भरती 4.8 मीटरची, लाट नव्हे

दर पावसाळ्यात वृत्तवाहिन्यांवर तीच पट्टी फिरते: 'आज दुपारी समुद्रात 4.8 मीटर उंचीच्या लाटा उसळणार.' हा आकडा लाटेचा नसतोच. तो भरतीच्या पातळीचा असतो आणि सागरी नकाशावरच्या एका ठरावीक, बऱ्याच खालच्या शून्यापासून मोजलेला असतो. मुंबईची सरासरी समुद्रपातळीच त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे त्या दुपारी समुद्र सरासरीपेक्षा सव्वादोन मीटरच्या आसपास चढतो. लाटा त्यावर वेगळ्या. पट्टी पाहून गर्दी मरीन ड्राइव्हवर जमते. पण भरतीचा खरा परिणाम पाहायचा तर जावं दादरजवळच्या, पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला, जिथून समुद्र दिसतही नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्स येतं तेव्हा मुलं बर्नुलीचं डेरिव्हेशन पाठ करतात, केटी लागू नये एवढंच बघतात आणि पुढे सरकतात. उघड्या प्रवाहाचा, म्हणजे नाल्या-नद्यांतून वाहणाऱ्या पाण्याचा भाग हाती येईपर्यंत उत्साह संपलेला असतो. मला वाईट वाटतं ते याचंच, कारण मुंबईकराला रोज लागणारं शास्त्र तिथे आहे.

प्रयोगशाळेत काचेच्या भिंतींचा लांब पाट असतो, त्याला फ्लूम म्हणतात. त्यात दहा सेंटिमीटर खोल पाणी संथ वाहू द्या आणि बोटाचं टोक पृष्ठभागाला लावा. तरंग प्रवाहाबरोबर खालच्या दिशेला जातात, तसे प्रवाहाच्या उलटही चढतात. उथळ पाण्यात तरंगाचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, याचं वर्गमूळ. इथे तो सेकंदाला जवळजवळ एक मीटर भरतो. प्रवाह त्याहून हळू असेल तर तरंग वर चढणारच. आता मधली झडप थोडीच उघडी ठेवा. तिच्याखालून पातळ, वेगवान पाणी सुटतं. तिथे बोट लावलं की मागे पाचरीसारख्या दोन रेषा उमटतात, वरच्या बाजूला काहीच जात नाही. प्रवाहाचा वेग भागिले तरंगाचा वेग, हा फ्राउड अंक. तो एकापेक्षा कमी असेल तर खाली काय घडलं ते वरच्या पाण्याला कळतं. जास्त असेल तर कळत नाही. या दोन अवस्था जिथे भेटतात तिथे पाणी एकदम उसळून उंच होतं. नळाखालच्या सिंकमध्ये धारेभोवती दिसणारं गोल कडं त्याच जातीचं.

मुंबईचे नाले सपाट जमिनीवरचे. उतार नगण्य, म्हणून फ्राउड अंक एकाच्या बराच खाली. समजा नाल्यात दोन मीटर खोल पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं वाहतंय. तरंगाचा वेग 4.4 मीटर, म्हणून उलट्या दिशेला 3.4 उरतो. पातमुखाशी, म्हणजे नाला समुद्राला मिळतो तिथे, भरती चढल्याची खबर एक किलोमीटर आत पाच मिनिटांत पोचते. पातळी मात्र पाणी साठेल तशी चढते, आणि तिचा उतार कमी होत जातो. उघड्या प्रवाहाचा वेग काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्रात वेग उताराच्या वर्गमूळावर आणि जलीय त्रिज्येच्या (पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले भिजलेल्या काठाची लांबी) दोन-तृतीयांश घातावर चालतो, तर खरखरीतपणाच्या गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात. उतार चौथाई झाला तर वेग निम्मा. गुळगुळीत काँक्रीटचा गुणांक 0.013 धरतात, गाळ-दगड-झुडपांनी तो 0.03 वर गेला तर वेग निम्म्याहून कमी. नालेसफाईचं महत्त्व एवढ्या एका भागाकारात आहे.

'अवसेचा कोप' म्हणून फिरणाऱ्या फॉरवर्डांना मात्र थारा देऊ नये. अमावास्येला भरती मोठी असते, तशी पौर्णिमेलाही असते, कारण दोन्ही वेळा सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. वेळापत्रक आधीच छापून मिळतं. पाऊस मात्र तसा सांगता येत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर कोसळला आणि त्याच दुपारी तीनच्या सुमाराला 4.48 मीटरची भरती होती.

उपाय म्हणून पातमुखाला दार लावतात. दार मिटलं की समुद्र आत येत नाही, पण नालाही बाहेर जात नाही. म्हणून हाजी अलीसारखी उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसणारी पंपघरं, लागतात. सेकंदाला एक घनमीटर पाणी तीन मीटर उचलायला, कसलाही तोटा न धरता, सुमारे 30 किलोवॅट लागतात. समुद्र वर चढला की ही उंची वाढते आणि तोच पंप पाणी कमी फेकतो, नेमकं त्या तासाला जेव्हा दार मिटलेलं असतं.