चादरीचं डिझाइन, झिप फाइल आणि एईएसची कुळकथा

परवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीच्या एका अण्णांच्या कारखान्यात गेलो होतो, नव्या चादरीच्या डिझाइनच्या फाइली बाहेरगावच्या व्यापाऱ्याला मेल करायच्या होत्या आणि मधी कुणी ढापू नये म्हणून पासवर्ड टाकून झिप करून दे म्हणाले. सेव्हन-झिप उघडलं तर एन्क्रिप्शनपुढं, म्हणजे फाइलला कुलूप लावायच्या पद्धतीपुढं, दोन ऑप्शन, झिपची जुनी झिपक्रिप्टो आणि एईएस-२५६. अण्णा चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "ह्यात भारी कुठलं बे?" मी एईएसवर क्लिक केलं आणि का ते सांगायला लागलो, पण मागांच्या खडखडाटात निम्मं त्यांना ऐकूच गेलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

एईएस म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड एन्क्रिप्शन स्टँडर्ड, ही सिमेट्रिक पद्धत, म्हणजे कुलूप लावायची आणि उघडायची किल्ली एकच. पूर्वी हा सगळा लष्कराचा आणि हेरखात्याचा मामला होता, मग बँका कॉम्प्युटरवर आल्या आणि साध्या धंद्यालाही कुलूप लागायला लागलं. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सनं मे १९७३ मध्ये जाहीर सांगितलं की कुणाकडं चांगली पद्धत असेल तर द्या, कामाचं काही आलं नाही, ऑगस्ट १९७४ मध्ये परत विचारलं तेव्हा आयबीएम पुढं आली. हॉर्स्ट फाइस्टेल यांच्या 'लुसिफर'वर बेतलेली त्यांची पद्धत जानेवारी १९७७ मध्ये डीईएस (डेटा एन्क्रिप्शन स्टँडर्ड) नावानं स्टँडर्ड झाली.

आणि भांडण तिथंच सुरू झालं. किल्ली म्हणजे शून्य-एकची माळ, एकेक मणी म्हणजे एक बिट, माळ जेवढी लांब तेवढी शोधायला अवघड. लुसिफरची किल्ली १२८ बिटपर्यंतची होती, डीईएसची झाली ५६! मधी एनएसए म्हणजे तिथली गुप्तचर संस्था होती, त्यामुळं लोकांना वास येणारच. डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९७७ मध्येच हिशोब मांडला की दोन कोटी डॉलरचं मशीन बांधलं तर ही किल्ली दिवसभरात सापडेल. दुसरा संशय एस-बॉक्सवर, म्हणजे डेटाची उलटापालट करायच्या तक्त्यांवर, त्यात चोरदरवाजा ठेवलाय असं लोक म्हणायचे. इथं मात्र गंमत झाली, १९९० च्या सुमारास बिहाम आणि शमीर या संशोधकांनी डिफरेन्शियल क्रिप्टॅनालिसिस नावाचा नवा हल्ला, म्हणजे कुलूप फोडायची युक्ती, छापली, आणि बघतात तर डीईएसचे तक्ते तिच्यापुढं चांगले टिकतायत. १९९४ मध्ये आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथनं सांगून टाकलं की हा हल्ला आम्हाला १९७४ लाच माहीत होता, गप्प बसलो होतो. म्हणजे तक्ते मजबूत आणि किल्लीच आखूड.

आखूड किल्लीचा निकाल जुलै १९९८ मध्ये लागला. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेनं अडीच लाख डॉलरच्या आत 'डीप क्रॅक' नावाचं मशीन बांधलं, सेकंदाला ९,००० कोटी किल्ल्या लावून बघायचं, आणि स्पर्धेसाठी डीईएसनं बंद केलेल्या एका संदेशाचं कुलूप ५६ तासांत उघडलं. आत निघालेला मजकूरच असा की आता १२८, १९२ आणि २५६ बिटच्या किल्ल्यांची वेळ झाली. तोवर बँकांनी तेच कुलूप तीनदा लावायचा जुगाड धरला होता, ट्रिपल डीईएस, चालायचं पण हळू.

नवीन निवड मात्र उघड्यावर झाली, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ब्यूरोचं नाव आता एनआयएसटी झालं होतं, त्यांनी १९९७ मध्ये जगभरातून पद्धती मागवल्या, १५ स्वीकारल्या आणि सांगितलं, फोडून दाखवा. ज्यानं त्यानं दुसऱ्याचं कुलूप ठोकून बघितलं. शेवटी पाच उरल्या, त्यातनं २ ऑक्टोबर २००० ला बेल्जियमच्या योआन डामेन आणि विन्सेंट राइमन यांची 'राइनडॉल' निवडली, आणि २६ नोव्हेंबर २००१ ला तीच एईएस म्हणून छापली. अमेरिकेचं सरकारी कुलूप बेल्जियमच्या दोघांनी केलं! आपल्या आधारच्या पडताळणीत बोटाच्या ठशाचा डेटा जातो तोही एईएस-२५६ नंच बंद होऊन जातो.

पण नुसतं एईएस म्हणून भागत नाही. ते एका वेळी १६ बाइटचा तुकडा बंद करतं, आणि प्रत्येक तुकडा सुटा सुटा बंद केला, ज्याला ईसीबी म्हणतात, तर सारख्या तुकड्याचं रूप सारखंच येतं. अण्णांना हे लगेच पटलं. मोराच्या चादरीचे सगळे धागे दुसऱ्या रंगात बुडवले तरी मोर दिसणारच की! म्हणून सीबीसी नावाच्या पद्धतीत आधीच्या तुकड्याचं बंद झालेलं रूप पुढच्यात मिसळतात, मग नक्षी उठत नाही. जीसीएम नावाची पद्धत त्याच्या पुढची, मधी कुणी एक टाका जरी बदलला तरी कळतं.

एवढं सांगून झाल्यावर बघतो तर अण्णांनी मेल लिहिला होता, फाइल जोडलेली आणि खाली 'पासवर्ड असा असा'. एकच किल्ली दोघांकडं पोचवायची कशी हे सिमेट्रिकचं जुनंच दुखणं, त्यावरचं उत्तर वर आलेल्या त्याच डिफी आणि हेलमननं १९७६ मध्ये दिलंय, पण ते अण्णांना कधी सांगू? ती ओळ खोडायला लावली आणि म्हटलं फोन करून सांगा. केला फोन. मागांच्या आवाजात समोरच्याला ऐकू जाईना, मग एकेक अक्षर ओरडून सांगितलं, तिसऱ्यांदा सांगेपर्यंत शेडमधल्या कामगारांना पण पासवर्ड पाठ.