रिले बसवला, पण भार उतरला का? अंडर-फ्रिक्वेन्सी लोडशेडिंगच्या हिशोबाची पार्श्वभूमी

लोडशेडिंग म्हटले की भारनियमनाचे वेळापत्रक आठवते: कोणता गट, कोणता फीडर (वस्तीला वीज नेणारी वाहिनी), किती ते किती. इथे विषय दुसऱ्या लोडशेडिंगचा आहे. मागणी निर्मितीपेक्षा जास्त झाली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, हर्ट्झमध्ये; आपल्याकडे ५०) घसरते. ती ठरलेल्या आकड्याखाली गेली की रिले, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारे स्वयंचलित उपकरण, कुणालाही न विचारता फीडर तोडतो आणि हे सगळे सेकंदाच्या आत उरकते. भारनियमन तुटवडा वाटून घेण्यासाठी असते, तर हा ग्रिड वाचवण्याचा शेवटचा उपाय आहे. दोघांना एकच नाव पडल्याने नुसता शब्दांचा घोळ झाला असता तर चालले असते, पण तो फीडरच्या याद्यांतही शिरला.

या उपायाला जगभर गती मिळाली ती ९ नोव्हेंबर १९६५ नंतर. त्या संध्याकाळी नायगाराजवळच्या जलविद्युत केंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवरचा एक रिले ट्रिप झाला, म्हणजे त्याने वाहिनी तोडली, आणि अमेरिकेचा ईशान्य भाग व ऑन्टारिओ मिळून सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. पुढच्या काळात जिकडेतिकडे टप्पे ठरले: अमुक हर्ट्झला इतके टक्के भार, त्याखाली गेल्यास आणखी इतके. हे टक्के कुणाच्या भाराचे आणि कोणत्या वेळचे, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही. वीज वरून खाली एकाच दिशेने वाहत होती. फीडर तोडला की भार उतरणारच.

इटलीत २८ सप्टेंबर २००३ रोजी भार उतरला, तरीही ग्रिड कोसळला, कारण बरेच जनित्रसंच ज्या ४७.५ हर्ट्झपर्यंत टिकायला हवे होते, त्याच्या आधीच बाहेर पडले होते. याउलट ४ नोव्हेंबर २००६ रोजी युरोपचा ग्रिड तीन तुकड्यांत फुटला, पश्चिमेकडच्या तुकड्यात फ्रिक्वेन्सी ४९ हर्ट्झपर्यंत घसरली, रिलेंनी सुमारे १७,००० मेगावॅट भार तोडला आणि तो तुकडा तगला. चाळीस मिनिटांच्या आत तिन्ही तुकडे पुन्हा जोडले गेले. यंत्रणा नेमून दिलेले काम करते तेव्हा काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मग भारताचा जुलै २०१२. ३० तारखेला रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी बिना–ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही ग्रिड गेले. सुमारे ६२ कोटी लोक ज्या प्रदेशात राहतात, तो सगळा प्रदेश विजेविना राहिला. वाहिन्या का ट्रिप झाल्या, कुणी ठरल्यापेक्षा जास्त वीज उचलली, यावर तेव्हा रान उठले. माझ्या मते चौकशी अहवालातली खरी धक्कादायक गोष्ट वेगळीच होती. उत्तर ग्रिडमध्ये अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेंवर सुमारे ४,००० मेगावॅट आणि फ्रिक्वेन्सी घसरण्याच्या वेगावर चालणाऱ्या डीएफ-डीटी रिलेंवर सुमारे ६,००० मेगावॅट भार जोडलेला होता. म्हणजे कागदावर १०,००० मेगावॅट. प्रत्यक्षात पुरेसा भार उतरलाच नाही.

हे कसे होते, ते उपकेंद्रात उभे राहिल्यावर कळते. चाचणीच्या दिवशी टेस्ट किट लावून रिलेला ४९.२ हर्ट्झ दाखवले जातात. रिले उचलतो, म्हणजे सक्रिय होतो, दिवा लागतो, नोंदवहीत ‘ठीक’ अशी नोंद होते. पण रिलेचा आदेश पुढे नेणाऱ्या ट्रिप सर्किटची लिंक उघडी राहिली असेल, तर खऱ्या प्रसंगी ब्रेकर (फीडर तोडणारा स्विच) जागचा हलत नाही. कधी फीडरवर रुग्णालय येते, म्हणून तो यादीतून काढतात आणि त्याच्या जागी दुसरा घालायचा राहून जातो. सगळ्यात वाईट म्हणजे जो फीडर भारनियमनाच्या यादीत आहे, तोच रिलेच्या यादीतही असतो. रिलेला तो तोडायची वेळ येते तेव्हा तो आधीच बंद असतो. बंद फीडर दुसऱ्यांदा तोडून ग्रिडला एक मेगावॅटही मिळत नाही. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव असल्याचे नुकसान ते हेच.

२०१२ च्या आधीच्या काळात भारतात फ्रिक्वेन्सी कित्येकदा ४९ च्याही खाली रेंगाळत असे. अशा वेळी रिले वारंवार उचलले, की ते बायपास करून ठेवण्याचा मोह होणारच. आता परवानगीचा पट्टा ४९.९ ते ५०.०५ इतका अरुंद झाला आहे आणि पहिला टप्पा ४९.४ हर्ट्झवर आणला आहे. पट्टा आवळला हे योग्यच झाले. पण आता रिले वर्षानुवर्षे उचलत नाहीत, त्यामुळे ते उचलतील की नाही हे कळायला चाचणीखेरीज मार्ग उरलेला नाही.

अनुपालन या शब्दाचा खरा गुंता इथून सुरू होतो. नियामकाला कळवला जाणारा आकडा नेमका कशाचा? बसवलेल्या रिलेंचा, चाचणीत पास झालेल्यांचा, फीडरच्या कमाल भाराचा, की घटना घडली त्या क्षणी खरोखर उतरलेल्या भाराचा? हे चार आकडे एकमेकांपासून खूप दूर असू शकतात. पहिले तीन आधी सांगता येतात, चौथा घटनेनंतरच कळतो. वितरण कंपन्यांचे म्हणणे असे, की फीडरवर कोणत्या क्षणी किती भार असेल हे आमच्या हातात नाही, आम्ही रिले बसवून चालू ठेवण्याला बांधील आहोत. मुद्दा अगदीच गैरलागू नाही. पण ग्रिडला रिलेंची संख्या उपयोगी पडत नाही, उतरलेला भार उपयोगी पडतो. म्हणून मोजायचाच तर चौथा आकडा मोजावा, असे मला ठामपणे वाटते.

९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनमध्ये हा वाद उघड्यावर आला. फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झला पोचली, पहिला टप्पा चालला आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज गेली. तोडलेल्या फीडरांवरचा भार ९०० मेगावॅटच्या आसपास होता, पण पारेषण ग्रिडला दिसलेली निव्वळ घट सुमारे ३५० मेगावॅटचीच. त्याच घडीला वितरण जाळ्यातली छोटी वीजनिर्मितीही ग्रिडबाहेर गेली होती. काही लोकल गाड्यांनी कमी फ्रिक्वेन्सीमुळे स्वतःला असे बंद करून घेतले, की त्या सुरू करायला तंत्रज्ञांना लॅपटॉप घेऊन गाडीपर्यंत जावे लागले.

छतावरच्या सोलरने हे दुखणे वाढवले आहे. भर दुपारी फीडर घेण्याऐवजी देत असेल आणि रिलेने तो तोडला, तर तूट कमी होण्याऐवजी वाढते. दक्षिण ऑस्ट्रेलियात दुसरी अडचण आधीच दिसली होती. २८ सप्टेंबर २०१६ च्या वादळात फ्रिक्वेन्सी सेकंदाला सुमारे ६ हर्ट्झ या वेगाने कोसळली आणि रिलेंना आपले काम करायला वेळच मिळाला नाही. तिथेच पुढे प्रवाहाची दिशा पाहून आपोआप निष्क्रिय होणारे रिले बसवण्याचे काम हाती घेतले गेले. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ रोजी टप्प्यांमागून टप्पे चालले, पण मूळ दुखणे वाढलेल्या व्होल्टेजचे होते आणि लोडशेडिंग कोसळणे रोखू शकले नाही.

दिशा पाहणाऱ्या रिलेमुळे चार आकड्यांचा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. ऐन दुपारी निष्क्रिय झालेला रिले बसवलेला असतो, चाचणीत पास झालेला असतो आणि त्या क्षणी त्याने काहीही न तोडणे हेच बरोबर असते. त्याच्यापुढे यादीत लिहिलेले मेगावॅट मात्र बहुतेक ठिकाणी संध्याकाळच्या कमाल भाराचेच आहेत.