६१.८७ च्या आत काय आहे? अॅडम व्होजेस आणि ‘दुबळ्या संघा’चा जुना वाद

ऑस्ट्रेलियाचा फलंदाज अॅडम व्होजेस याने धावा फक्त दुबळ्या संघांविरुद्ध जमवल्या का, हा जुना वाद. त्याच्या कसोटी कारकिर्दीचे दोन आकडे शेजारी ठेवले की तो कुठून सुरू होतो ते दिसतं. पहिला सगळ्यांना ठाऊक असलेला: २० कसोटी, ३१ डाव, ७ वेळा नाबाद, १४८५ धावा, सरासरी (धावा भागिले बाद होण्याची संख्या) ६१.८७. दुसरा सहसा कुणी काढत नाही. त्या ३१ डावांतल्या धावा चढत्या क्रमाने मांडल्या तर मधोमध, सोळाव्या जागी, २७ येतात. म्हणजे निम्म्याहून अधिक डावांत त्याने २७ किंवा त्याहून कमी धावा केल्या. पाच शतकांतल्या धावा ८६३ भरतात, कारकिर्दीतल्या एकूण धावांच्या ५८ टक्के.

प्रतिस्पर्ध्यांनुसार फोड केली की चित्र आणखी ताणलं जातं. वेस्ट इंडीजविरुद्ध चार डावांत १३०*, ३७, २६९*, १०६* (* म्हणजे नाबाद). धावा ५४२, बाद एकदाच, सरासरी ५४२. न्यूझीलंडविरुद्ध नऊ डावांत ५९४ धावा, सरासरी ९९. इंग्लंडमध्ये २०१५ च्या अॅशेसमध्ये, म्हणजे इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत, २०१ धावा, सरासरी २८.७१. श्रीलंकेत २०१६ साली सहा डावांत ११८, सरासरी १९.६६. त्याच वर्षी मायदेशी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २७, १, ० आणि २. भारत आणि पाकिस्तानविरुद्ध तो एकही कसोटी खेळला नाही. ऑक्टोबर २०१५ चा बांगलादेश दौरा सुरक्षेच्या कारणावरून लांबणीवर पडला, त्यामुळे ‘स्वस्तात धावा’ मिळण्याची एक संधी तर त्याच्या हातूनही गेली.

वेस्ट इंडीज वगळलं तर उरतात २३ वेळा बाद होऊन ९४३ धावा, सरासरी बरोबर ४१. न्यूझीलंडही वगळलं तर १७ वेळा बाद होऊन ३४९, सरासरी २०.५३. याच वजाबाकीच्या जोरावर त्याला ‘लिंबूटिंबू संघांचा फलंदाज’ ठरवलं जातं. वजाबाकी चोख आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे, आणि तो का हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

जानेवारी १९३० मध्ये इंग्लंडने एकाच वेळी दोन कसोटी संघ जगाच्या दोन टोकांना उतरवले, एक न्यूझीलंडमध्ये आणि दुसरा वेस्ट इंडीजमध्ये. साहजिकच दोन्हीकडे पहिल्या फळीचा संघ नव्हता. वेस्ट इंडीजला गेलेल्या चमूत ५२ वर्षांचे विल्फ्रेड ऱ्होड्स आणि पन्नाशीतले जॉर्ज गन होते. त्याच मालिकेच्या शेवटच्या कसोटीत, किंग्स्टनला, इंग्लंडच्या ३९ वर्षांच्या अँडी सँडहमने ३२५ धावा केल्या. कसोटी इतिहासातलं ते पहिलं त्रिशतक, आणि सँडहमची ती अखेरची कसोटी. त्याची कारकिर्दीची सरासरी ३८.२१ आहे. त्या एका सामन्यातले ३२५ आणि ५० बाजूला काढले तर ती थेट २४ वर येते. उशिरा फुललेल्या फलंदाजाच्या आकडेवारीवर एक मोठा डाव कसा पसरतो, याचं हे जुनं आणि ठसठशीत उदाहरण. त्याच मालिकेत समोरच्या बाजूने वेस्ट इंडीजच्या जॉर्ज हेडलीने चार कसोटींत ७०३ धावा केल्या. दुबळी गोलंदाजी हेडलीलाही मिळाली, कारण अपुरा संघ इंग्लंडचा होता. पण हेडलीने पुढे इंग्लंडमध्ये जाऊनही शतकं केली, म्हणून त्याच्या ७०३ वर कुणी बोट ठेवत नाही. सँडहमकडे ‘पुढे’ असं काही उरलंच नव्हतं.

ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनबद्दलही हा प्रश्न विचारता येतो. १९३१-३२ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याची सरासरी २०१.५० होती, १९४७-४८ मध्ये भारताविरुद्ध १७८.७५. या दोन्ही मालिका वगळल्या तरी ६२ वेळा बाद होऊन ५४७५ धावा राहतात, सरासरी ८८.३१. इतका मोठा साठा असला की दोन मालिका काढून टाकल्याने आकडा उतरतो, पण कोसळत नाही. आणि १९४७-४८ चा भारतीय संघ दुबळा म्हणून मालिका ४-० ने हरला खरा, पण त्याच संघातल्या सांगलीच्या विजय हजारेंनी अॅडलेडला लिंडवॉल आणि मिलर या ऑस्ट्रेलियन वेगवान गोलंदाजांसमोर दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. संघ दुबळा म्हणजे त्यातला प्रत्येक माणूस दुबळा नव्हे. गोलंदाजांच्या बाबतीतही हेच खरं, आणि व्होजेसच्या पदार्पणात ते उपयोगी पडतं.

मराठी घरांमध्ये हा वाद विनोद कांबळीच्या नावाने अनेकदा झाला आहे. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. मार्च १९९३ मध्ये दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध काढलेल्या २२७ वगळल्या तर सरासरी सुमारे ४५ वर येते. कांबळीचा प्रवास व्होजेसच्या उलटा, लवकर बहर आणि लवकर शेवट. हिशेबाची अडचण मात्र तीच: डाव इतके थोडे की एक द्विशतक आठ-नऊ धावांची सरासरी आपल्या खांद्यावर उचलतं.

विक्रमांच्या यादीत शिरायला साधारणपणे किमान २० डावांची अट लावतात. या अटीमुळेच व्होजेस निवृत्तीच्या वेळी ब्रॅडमनच्या खाली, दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम पोलॉक (६०.९७) आणि हेडली (६०.८३) यांच्या वर बसला. अट २००० धावांची केली तर पोलॉक आणि हेडली राहतात, व्होजेस बाहेर पडतो. माझ्या मते वादाचं अर्धं मूळ दुबळ्या संघांत नाही, या २० च्या उंबरठ्यात आहे. प्रतिस्पर्ध्याचं बळ मोजायची पद्धतशीर सोय १९८७ च्या डिलॉइट मानांकनापासून आली, जे पुढे आयसीसीचं झालं. त्यात समोरच्या गोलंदाजांच्या गुणांनुसार धावांचं वजन बदलतं आणि नवख्या खेळाडूला सुरुवातीला पूर्ण गुण मिळत नाहीत. सरासरीला यातलं काहीच कळत नाही.

आता व्होजेसच्या मोठ्या खेळी एकेक करून तपासू. त्यासाठी एक साधं माप पुरतं. संघाच्या डावातून त्याच्या धावा वजा करायच्या, उरलेल्या धावांना (अवांतर धरून) त्या डावात बाद झालेल्या इतर फलंदाजांच्या संख्येने भागायचं, आणि त्याच्या धावा या भागाकाराच्या किती पट आहेत ते पाहायचं. त्याच दिवशी, त्याच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजांसमोर बाकीच्यांनी काय केलं, हेच मग प्रतिस्पर्ध्याचं माप होतं. संघाचं नाव त्यात येत नाही.

रोसो, डॉमिनिका, जून २०१५. पदार्पण, वय ३५. शेफील्ड शील्ड या ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक स्पर्धेच्या २०१४-१५ च्या हंगामात १०४.४६ च्या सरासरीने केलेल्या १३५८ धावांनी त्याला ही जागा मिळवून दिली होती. वेस्ट इंडीज १४८ वर आटोपलं, ऑस्ट्रेलियाचे उत्तरात १२६ वर सहा गडी गेले. देवेंद्र बिशूच्या लेगस्पिनने डावात सहा बळी घेतले. व्होजेस नाबाद १३०, शेवटच्या गड्यासाठी जॉश हेझलवूडबरोबर ९७, एकूण ३१८. उरलेल्या १८८ धावांत दहा गडी, म्हणजे १८.८. व्होजेसची खेळी त्याच्या जवळजवळ सातपट. पदार्पणात शतक करणारा तो सर्वांत वयस्कर फलंदाज ठरला. आधीचा विक्रम झिम्बाब्वेच्या डेव्ह हॉटनचा होता, १९९२ साली हरारेत भारताविरुद्ध.

होबार्ट, डिसेंबर २०१५. ऑस्ट्रेलिया ४ बाद ५८३, व्होजेस नाबाद २६९, शॉन मार्शबरोबर चौथ्या गड्यासाठी ४४९. ही भागीदारी २०२४ मध्ये मुलतानला इंग्लंडच्या रूट आणि ब्रूक यांच्या ४५४ पर्यंत विक्रम म्हणून टिकली. इतरांचा भागाकार ७८.५, खेळी ३.४ पट. वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज शॅनन गॅब्रिएल दुखापत होऊन मैदानाबाहेर गेला होता, आणि तिकडे त्यांचा ख्रिस गेल त्याच ऑस्ट्रेलियन उन्हाळ्यात बिग बॅश या तिथल्या टी-२० स्पर्धेत खेळत होता. मेलबर्नला नाबाद १०६, पण संघाचे ३ बाद ५५१ आणि चार शतकं; इतरांचा भागाकार १४८, म्हणजे व्होजेसचं शतक एक पटसुद्धा भरत नाही. प्रतिस्पर्धी तोच, फलंदाज तोच, आणि माप ६.९ पासून ०.७ पर्यंत. ‘वेस्ट इंडीजविरुद्ध ५४२’ असं एका ओळीत लिहिलं की हा सगळा फरक पुसला जातो. एकदाच बाद झालेल्या फलंदाजाची सरासरी ही मुळात सरासरीच नसते, ती नुसती बेरीज असते.

वेलिंग्टन, फेब्रुवारी २०१६. न्यूझीलंड १८३ वर बाद, ऑस्ट्रेलिया ५६२, व्होजेस २३९. इतरांचा भागाकार ३५.९, खेळी ६.७ पट. साउदी आणि बोल्ट हे वेगवान गोलंदाज समोर असताना या संघाला दुबळा म्हणायला जागा नाही. पण या डावाला दुसरीच बाधा आहे. पहिल्या दिवशी ७ धावांवर डग ब्रेसवेलने त्याचा त्रिफळा उडवला आणि पंच रिचर्ड इलिंगवर्थ यांनी नोबॉल दिला. रीप्लेत पाय रेषेच्या आत दिसला. तो ७ वर बाद ठरला असता तर कारकिर्दीची सरासरी ५२.२१ झाली असती. दोन बाद होण्यांच्या दरम्यान ६१४ धावांचा विक्रमही झाला नसता: २६९, १०६ आणि ७ मिळून ३८२ होतात, आणि २००४ मध्ये सचिन तेंडुलकरने केलेल्या ४९७ (२४१*, ६०*, १९४* आणि २) तशाच वर राहिल्या असत्या. या डावात १७२ वर असताना त्याची सरासरी १०० ला टेकली होती.

माझा निर्णय असा: रोसो आणि वेलिंग्टन या खऱ्या मोठ्या खेळी, होबार्ट चांगली, मेलबर्न संघाच्या धावांत वाहून आलेली. या मापाची मर्यादाही सांगायला हवी. ते फक्त स्वतःच्या संघाशी तुलना करतं. सहकारी भक्कम असले तर फलंदाजाचं माप उगाच उतरतं, कच्चे असले तर चढतं. म्हणून शक्य असेल तिथे दोन्ही संघांचे सगळे डाव एकत्र धरावेत.

उशिरा आलेल्या फलंदाजाच्या बाबतीत खरी अडचण वेळेची असते. ऑस्ट्रेलियाचाच मायकेल हसी तिशीत कसोटीत आला, पहिल्या २० कसोटींनंतर त्याची सरासरी ८० च्या वर होती. पुढे ७९ कसोटी खेळून ती ५१.५२ वर स्थिरावली आणि त्या आकड्यावर कुणाचा आक्षेप नाही. व्होजेसला ती घसरण पुरती भोगायला मिळाली नाही. वेलिंग्टनपाठोपाठच्या क्राइस्टचर्च कसोटीनंतर तो ९५.५० वर होता. पुढच्या दहा डावांत, पाच सामन्यांत, १४८ धावा, सरासरी १४.८०. त्यात पल्लेकेले, गॉल आणि कोलंबोत रंगना हेराथच्या फिरकीपुढचे सहा डाव होते, आणि होबार्टची ती कसोटी होती जिथे ऑस्ट्रेलिया ८५ वर कोसळलं. त्यानंतर स्थानिक सामन्यात डोक्याला चेंडू लागला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं.

त्याच संघातला ख्रिस रॉजर्स जवळपास त्याच वयाचा. २००८ मध्ये एक कसोटी, दुसरी थेट २०१३ मध्ये, पस्तिशीत. तो वेस्ट इंडीज, न्यूझीलंड किंवा श्रीलंका यांच्याविरुद्ध कधीच खेळला नाही. जून २०१५ मध्ये डॉमिनिकातच सरावात डोक्याला चेंडू लागल्याने वेस्ट इंडीजविरुद्धच्या दोन्ही कसोटी हुकल्या. पुढच्या महिन्यात सुरू झालेल्या अॅशेसमध्ये त्याने ४८० धावा केल्या, सरासरी ६०. व्होजेसच्या त्याच मालिकेत २०१. रॉजर्सची कारकिर्दीची सरासरी ४२.८७ आहे, २५ कसोटींत २०१५ धावा. वेस्ट इंडीज वगळून व्होजेसची ४१.