शिक्षणातून गळालेला अभ्यास

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर ‘सर्व शिक्षा अभियान’ ही अक्षरं रंगवली गेली, तेव्हा माझा भाचा दुसरीत होता. नुकतंच वाचायला येऊ लागलेलं. त्यानं एकेक अक्षर लावत ती ओळ वाचली आणि विचारलं, “सगळ्यांनाच शिक्षा? का?”

प्रश्न रास्त होता. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं. दोन्ही भाषांनी शब्द घेतला तो संस्कृतातूनच. मराठीत तो शिकवणुकीकडून शिस्तीकडे आणि शिस्तीकडून दंडाकडे सरकला. ‘थांब, चांगला धडा शिकवतो’ असं आपण रागानं म्हणतो, तेव्हा हाच प्रवास एका वाक्यात उरकतो.

पण या शब्दाच्या मुळाशी दंड नाही. तिथे आहे ‘शक्’ हा धातू, म्हणजे समर्थ असणं, जमणं. शक्य, शक्ती, सशक्त हे सगळे त्याच घरातले. संस्कृतात एखाद्या क्रियेची इच्छा सांगायला धातूचं वेगळं रूप होतं. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. (गुरूचं ऐकू पाहणारा त्याची सेवाही करी, म्हणून शुश्रूषेचा आजचा अर्थ रुग्णाच्या उशाशी येऊन थांबला.) तसंच ‘शक्’पासून ‘शिक्ष्’ झालं. शिकणं म्हणजे आपल्याला जमावं अशी इच्छा. विद्यार्थी या शब्दातही मागणं आहेच, विद्येचा अर्थी तो विद्यार्थी. शिकणाऱ्याची ओढ आधी, शिकवणारा नंतर, असा क्रम या शब्दांनी धरला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आता पिपासा, जिज्ञासा, शुश्रूषा हे शब्द पुन्हा मोठ्यानं म्हणून पाहा. प्रत्येकाच्या सुरुवातीला धातूचा आवाज थोडा बदलून दोनदा येतो: पि-पा, जि-ज्ञा, शु-श्रू. या दुहेरी उच्चारातल्या पहिल्या भागाला पाणिनीनं नाव दिलं ‘अभ्यास’. शाळेतून आल्यावर करायचा तो आपला अभ्यास आणि व्याकरणातला हा अभ्यास यांचं मूळ एकच, ‘पुन्हा’. ‘शिक्ष्’मध्ये मात्र ही पुनरुक्ती दिसत नाही. त्यासाठी पाणिनीचं सूत्रच आहे, ‘अत्र लोपोऽभ्यासस्य’, म्हणजे इथे अभ्यास गळतो. शिक्षण या शब्दातून अभ्यास गळालेला आहे!

व्याकरणात गळाला तर बिघडत नाही. मेंदूत गळला तर काय होतं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून मोजलं आणि 1885 साली प्रसिद्ध केलं. त्यानं निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या आणि काही काळानं त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते पाहिलं. वीस मिनिटांनी 58 टक्के श्रम वाचत होते. एका दिवसानं 34 टक्के. महिन्यानं 21 टक्के. गळती सुरुवातीला धो धो आणि मग संथ. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. एका बैठकीत 68 वेळा घोकून जे साधत होतं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांत साधत होतं. अर्थ असलेली कविता पाठ करायला तर निरर्थक अक्षरांच्या सुमारे दहावा भाग श्रम पुरले. म्हणून न समजता घोकणाऱ्या मुलाची मला कळवळून दया येते. ते दहापट ओझं वाहत असतं.

नुसतं ‘पुन्हा’ पुरतं का? अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासलं. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर पारडं फिरलं: दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56. पुस्तक उघडं ठेवून वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ओळखीला आपण ज्ञान समजतो. ‘झाला अभ्यास, दोनदा वाचलंय’ म्हणणारं मूल खोटं बोलत नसतं. त्याला खरंच तसं वाटत असतं.

यात पेशींच्या पातळीवर काय घडतं, याचा धागा एका समुद्री गोगलगायीनं दिला. एरिक कँडल या मेंदूसंशोधकानी अ‍ॅप्लिसिया या गोगलगायीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यासाठी त्यांना 2000 साली नोबेल मिळालं. शेपटीला एकदा हलका धक्का दिला, तर ती काही मिनिटं सावध राहते. तेच धक्के काही दिवसांत अंतरानं दिले, तर ती आठवडेच्या आठवडे विसरत नाही. पहिल्या वेळी चेतापेशींमधले असलेलेच जोड तेवढ्यापुरते बळकट होतात. दुसऱ्या वेळी पेशीतली जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं बनतात आणि नवे जोड फुटतात. संवेदी पेशींवरचे जोड मोजले, तर ते जवळपास दुप्पट झालेले आढळले. हे बांधकाम आहे आणि बांधकामाला मधला वेळ लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तो कुठून आणणार?

हे सगळं वाचताना मला आजीकडचा परवचा आठवतो. दिवेलागणीला हातपाय धुऊन, शुभंकरोति झालं की देवासमोर ओळीत बसायचं आणि पाढे म्हणायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, ज्यात सातासमोर साडेचोवीस येतात. मग तिथी, महिने, नक्षत्रं. हातात पुस्तक नसे, सगळं आठवूनच म्हणायचं. आणि दोन परवच्यांमध्ये एक अख्खी रात्र आणि एक अख्खा दिवस असे. आठवून काढणं आणि मध्ये अंतर ठेवणं, संशोधकांनी तपासलेल्या या दोन्ही गोष्टी तिथे रोज घडत होत्या. अर्थ मात्र कुणी फारसा सांगत नसे. साडेतीन म्हणजे तीन भाकऱ्या आणि एक अर्धी, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं, आणि तेव्हा कुठे औटकी सोपी झाली.

आता आमच्याकडे भाचीचा अभ्यास चालतो तेव्हा मी पुस्तक मिटायला सांगते. “काय वाचलंस ते मला सांग.” ती अडखळते, चिडते, मग सांगू लागते. तोच धडा परवा पुन्हा विचारते, मग पुढच्या आठवड्यात. याला परीक्षा म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून मी तो शब्द टाळते. खरं तर परि आणि ईक्ष्, नीट निरखून पाहणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. परवच्याला गुण नसत. चुकलं की आजी तिथेच थांबवायची, बरोबर आकडा सांगायची आणि मागच्या ओळीपासून पुन्हा म्हणायला लावायची.