चढवलेला दहावा घटक जातो कुठे?

मार लागलेला नसताना पापण्यांवर आणि डोळ्यांभोवती जांभळे डाग येतात. जोराचा खोकला किंवा खाली वाकणं एवढं निमित्त पुरतं. प्लेटलेट पुरेशा असतात. जोडीला पायांवर सूज आणि लघवीला फेस असेल, तर एएल ॲमिलॉइडोसिसची तपासणी लांबवू नये.

या आजारात अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी अँटिबॉडीचे सुटे तुकडे, म्हणजे लाइट चेन, अतोनात बनवतात. त्यांचे चिवट तंतू अवयवांत साचतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही त्यामुळे ठिसूळ होतात आणि डाग पडतात.

काही रुग्णांत यावर आणखी एक संकट येतं. रक्त साखळायला लागणारा दहावा घटक (फॅक्टर टेन) या तंतूंना चिकटून बसतो, मुख्यतः यकृत आणि प्लीहेत. बोस्टनमध्ये ३६८ रुग्ण तपासले, तेव्हा ३२ जणांत त्याची पातळी ५० टक्क्यांच्या खाली होती; त्यांतल्या १८ जणांना रक्तस्राव झाला. २५ टक्क्यांखाली धोका फारच वाढतो.

पीटी आणि एपीटीटी या रक्त साखळायचा वेळ मोजणाऱ्या चाचण्या; दोन्ही लांबलेले दिसतात. रुग्णाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) तितकाच निरोगी प्लाझ्मा मिसळला की वेळ सुधारते, म्हणजे घटक कमी पडतोय. तो बनतो, पण टिकत नाही. त्यामुळे व्हिटॅमिन केचा उपयोग नाही. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधानेही हा घटक उतरतो, म्हणून औषधांची यादी आधी पाहावी. निदानासाठी पोटाच्या कातडीखालची चरबी सुईने काढून काँगो रेडने रंगवतात. यकृतात सुई घालणं इथे जिवावर बेतू शकतं.

एरवी या घटकाचं अर्धायुष्य सुमारे ४० तास. इथे बाहेरून दिलेला घटक झपाट्याने नाहीसा होतो. प्लाझ्मातून तो द्यायचा आणि किलोला १५ मिली धरला, तर ६० किलोच्या माणसाला ९०० मिली प्लाझ्मा लागतो, आणि तंतूंनी ताठलेल्या हृदयाला तो भार झेपत नाही. शस्त्रक्रियेपुरती घटकाची सांद्र इंजेक्शनं वापरतात, तीही वारंवार पातळी मोजत. खरा इलाज लाइट चेनचा उगम बंद करण्याचा, त्याची औषधं: डाराट्यूमुमॅब, बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड, डेक्सामेथासोन. तो लागू पडला तर पातळी हळूहळू वर येते.

याच रुग्णात गुठळीही होऊ शकते! गुठळी रोखणारं अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन मूत्रपिंडातून वाहून जातं. हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) तर ईसीजी नियमित असतानाही गुठळी सापडते. म्हणून रक्त पातळ करणारं औषध सुरू करण्याआधी दहाव्या घटकाची पातळी हातात हवी. दात काढण्याआधीसुद्धा.