लिनक्स टाकलं की प्रायव्हसी मिळाली, असं नसतं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून म्हापसा-फोंड्यात जो तो सांगतोय, विंडोज काढून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाक, मग कोणाची नजर नाही. हे अर्धंच खरं आहे हो. विंडोज होम-प्रो मध्ये मायक्रोसॉफ्टला जाणारा डायग्नोस्टिक डेटा, म्हणजे कॉम्प्युटर कसा चालतोय याची माहिती, पूर्ण बंद करता येत नाही, तो प्रश्न मिंटवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, सुटतो, पण तिथंही क्रोममध्ये गुगलला लॉगिन केलंत की सर्च, यूट्यूब सगळ्याची नोंद होतेच, कारण ती तुमच्या अकाउंटवर होते, कॉम्प्युटर कुठला का असेना. आणि दुकानाचे हिशोब टॅलीत असतील तर आधी थांबा, टॅली प्राइम विंडोजसाठीच बनलंय, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘वाइन’ सॉफ्टवेअरच्या भरवशावर जीएसटीचं काम नको. मराठी टायपिंगची मात्र काळजी नको, इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथं आहेच. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा.